निसान फिगारो घ्यावी का? आधी पत्रा, मग छप्पर, इंजिन सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही उभयता लेस्टरला राहता, मुलगा सात वर्षांचा आहे, आणि तुम्ही 1991 ची, फिकट निळसर-हिरव्या रंगाची निसान फिगारो पाहून आला आहात. विक्रेता ती साडेअकरा हजार पौंडांना देतो आहे. गाडीचे ‘संपूर्ण नूतनीकरण’ केले असल्याचे तो सांगतो आणि मीटरवर 61,000 चा आकडा आहे. परवडणारी क्लासिक गाडी म्हणून ती घेणे शहाणपणाचे ठरेल का, पाहताना काय तपासावे, रोजच्या वापराला ती चालेल का, आणि निवृत्तीनंतर पुण्याला परतताना ती सोबत नेता येईल का, असे चार मुद्दे तुम्ही मांडले आहेत. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजचे काम शिकलो आणि गेली बावीस वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये हाच व्यवसाय करतो आहे. त्यातला बराचसा काळ जपानहून आयात झालेल्या जुन्या गाड्यांवर गेला असल्यामुळे फिगारो आतून-बाहेरून आणि मुख्यतः खालून पाहण्याची संधी मला पुष्कळदा मिळाली आहे.

पुण्याचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार आयात करता येत नाही. अतिजुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी वाट आहे, पण 1991 ची गाडी त्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा ही गाडी घ्यायची असेल तर ती इंग्लंडमध्ये चालवण्यासाठी आणि पुढे इंग्लंडमध्येच विकण्यासाठी, असे मनाशी ठरवूनच घ्यावी.

आता गाडीबद्दल. तिची जन्मकथा ठाऊक असल्याशिवाय ती तपासता येत नाही, म्हणून थोडे मागे जातो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात निसानने आपल्या छोट्या ‘मार्च’ गाडीच्या सांगाड्यावर जुन्या वळणाच्या, मर्यादित संख्येच्या काही गाड्या काढल्या. 1987 मध्ये बी-वन आली, 1989 मध्ये पाओ आली, आणि त्याच वर्षीच्या टोकियो मोटर शोमध्ये फिगारो मांडण्यात आली. ती प्रत्यक्ष विक्रीला आली 1991 मध्ये. त्यावेळची तिची किंमत 18 लाख 70 हजार येन होती आणि योजना फक्त 8,000 गाड्यांची होती. मागणी इतकी आली की आणखी 12,000 गाड्या काढाव्या लागल्या, आणि तरीही त्या कोणाला द्यायच्या हे सोडत काढून ठरवावे लागले. म्हणजे एकूण सुमारे 20,000 गाड्या निघाल्या, सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, सगळ्या ऑटोमॅटिक आणि जपानी बाजारासाठीच. निसानने ती इंग्लंडमध्ये अधिकृतपणे कधीच विकली नाही. इथे दिसणारी प्रत्येक फिगारो कोणीतरी खाजगीरीत्या जहाजातून आणलेली आहे. रंग चारच होते आणि प्रत्येक रंग एका ऋतूचा मानलेला होता: वसंताचा एमराल्ड, उन्हाळ्याचा पेल अॅक्वा, शरदाचा टोपाझ मिस्ट आणि हिवाळ्याचा लॅपिस ग्रे. तुम्ही पाहिलेली गाडी वर्णनावरून पेल अॅक्वा दिसते. गुलाबी, लाल किंवा काळी फिगारो कोणी दाखवली तर ती नंतर रंगवलेली आहे, हे यावरून आपोआप कळते.

1991 साली ही गाडी 1950 च्या दशकातली असल्याचे सोंग घेऊन आली होती. त्या सोंगाला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि गाडी खरोखरच म्हातारी झाली आहे. ग्राहकांची फसगत नेमकी इथे होते. गोल दिवे, चकाकती क्रोमची पट्टी आणि पांढुरक्या सोफ्यासारख्या खुर्च्या पाहून ‘दिसायला जुनी, पण आतून आधुनिक जपानी, म्हणजे बिनघोर’ असा समज होतो. तो निम्माच खरा आहे. माझ्या मते फिगारो म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन गाड्या आहेत. एक मार्चची गाडी, म्हणजे सस्पेन्शन, ब्रेक आणि इंजिनचा बराचसा भाग. हा भाग साधा आणि दणकट आहे, आणि त्याचे सुटे भाग मिळतात. दुसरी गाडी फिगारोची स्वतःची: पत्रा, छप्पर, क्रोम, आतली सजावट. हा भाग वीस हजारांपुरताच बनला, आणि तो गेला की शोधत फिरावे लागते. तुम्ही पैसे देता ते या दुसऱ्या गाडीचे, त्यामुळे तपासणीचा वेळही तिच्यावरच खर्च झाला पाहिजे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. ते बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकतात, समाधानाने मान डोलावतात आणि सह्या करून मोकळे होतात.

पत्र्यापासून सुरुवात करू. जपानी गाडीला इंग्लंडचा हिवाळा मानवत नाही. इथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि ते मिठाचे पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाशी, सांध्यासांध्यांत जाऊन बसते. रत्नागिरी-मालवणकडे खाऱ्या वाऱ्याने दारांच्या बिजागऱ्या आणि खिडक्यांचे गज कसे खातात ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जपानच्या बहुतेक भागांत रस्त्यावर मीठ पडत नाही, म्हणून नुकतीच आयात झालेली गाडी इथे वीस वर्षे चाललेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा स्वच्छ निघते. मात्र होक्काइदो, तोहोकू आणि जपानच्या समुद्राकडचा पश्चिम किनारा हे बर्फाचे प्रदेश आहेत. जपानच्या निर्यात-दाखल्यावर गाडीचा तिकडचा नोंदणी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाच्या आरंभी नोंदणी कार्यालयाच्या गावाचे नाव असते. तिथे सप्पोरो, आओमोरी किंवा नीगाता आढळले तर गाडीखाली दुप्पट वेळ घालवावा.

गंज शोधायच्या जागा सांगतो. मागच्या चाकांवरच्या कमानी, विशेषतः आतली कडा, जिथे दोन पत्रे दुमडून एकत्र आणलेले असतात. दारांखालची सिल, तीही बाहेरून दिसणारी पट्टी नव्हे तर जॅक लावायच्या जागेजवळचा खालचा भाग. पायाखालच्या फरशीच्या कडा, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे, रेडिएटरखालची आडवी तुळई आणि मागचे सस्पेन्शन ज्या ठिकाणी बॉडीला जोडलेले आहे त्या जागा. पत्र्यावर चिकटणारे लहानसे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून कमानीवरून आणि सिलवरून फिरवा. ज्या जागी ते धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दार, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहा. दार मिटताना किंचित वर उचलावे लागत असेल तर बिजागरी झिजली असेल किंवा सिल कमजोर झालेली असेल. पहिले काम किरकोळ आहे, दुसरे मुळीच नाही.

‘नूतनीकरण’ या शब्दाबद्दल मला विशेष सावधगिरी सुचवावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी एका परिचिताने नव्याने रंगवलेली एक फिगारो घेतली आणि पहिल्या एमओटीपूर्वी (इथली गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी) पाहणीसाठी माझ्याकडे आणली. वरून आरशासारखी गाडी होती. रॅम्पवर चढवली तेव्हा पोटाला काळ्या डांबरी लेपाचा जाड थर दिलेला दिसला. ताजा, गुळगुळीत, सगळीकडे सारखा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तेव्हा डाव्या सिलचा आवाज पत्र्यासारखा न येता पुठ्ठ्यासारखा आला. लेप खरवडला तेव्हा आत जाळी, लांबी आणि त्यावर रंग एवढेच शिल्लक होते. पत्रा कापून नवा वेल्ड करण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गेला, आणि तोही माणूस ओळखीचा म्हणून. जुन्या गाडीच्या पोटाला दिलेला ताजा काळा लेप हा माझ्या दृष्टीने गुण नाही. तिथे मी प्रश्न विचारायला सुरुवात करतो. खरे काम केलेला कारागीर कापलेल्या पत्र्याची, वेल्डिंगची आणि प्रायमरची छायाचित्रे काढून ठेवतो, कारण त्याला त्या कामाचे पैसे मागायचे असतात. छायाचित्रे नसतील तर नूतनीकरण रंगापुरतेच झाले आहे असे धरून चालावे.

यानंतर छप्पर. फिगारो पूर्ण अर्थाने उघडी गाडी नाही. दारांवरच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी पक्क्या आहेत आणि मधले कापडी छप्पर, मागच्या काचेसकट, हाताने दुमडून मागच्या कप्प्यात बसते. या रचनेमुळे बॉडीला ताठपणा मिळतो, पण डिकीत नावापुरतीच जागा उरते. छप्पर स्वतःच्या हाताने किमान दोनदा उघडून मिटा. विक्रेत्याला करू देऊ नका, कारण अडणारी जागा कुठे हलक्या हाताने दाबायची हे त्याला पाठ असते. दुमडण्याच्या कोपऱ्यांवर कापड विरले आहे का, मागच्या काचेभोवतीची शिवण किंवा चिकटवण सुटली आहे का, पुढची कडी बसताना कापड ओढावे लागते का, हे पाहा. कापड आखडले असेल तर ते हिवाळ्यात आणखी आखडते. मग विक्रेत्याच्या परवानगीने छप्पर मिटवून दहा मिनिटे पाइपने पाणी सोडा. छपरावरचे पाणी बाजूच्या पन्हळीतून नळ्यांवाटे खाली उतरते. त्या नळ्या पानांनी आणि मातीने तुंबल्या की पाणी आत झिरपते आणि गालिच्याखाली साचून फरशी आतून खाते. खालून तपासणाऱ्याला हा गंज फार उशिरा दिसतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या पायघड्यांखालचा गालिचा उचलून हात घालून पाहावा, आणि दार उघडताच पहिला श्वास लक्ष देऊन घ्यावा. पावसाळाभर बंद राहिलेल्या घराचा कुबट वास आपल्याला चांगला ओळखता येतो. तोच वास इथे आला तर सुगंधी कार्ड कितीही लटकवलेली असोत, पाणी आत येते आहे.

इंजिनाबद्दल पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो. ‘हे तर मायक्राचेच इंजिन, कुठेही दुरुस्त होईल’ असे विक्रेते सांगतात. फिगारोत 987 सीसीचे, टर्बो लावलेले, इंधन-इंजेक्शनचे एमए10ईटी इंजिन आहे आणि त्याची ताकद 76 पीएस आहे. त्याच पिढीची मार्च इंग्लंडमध्ये मायक्रा या नावाने खपली खरी, पण तिला टर्बो नव्हता. टर्बोचे इंजिन जपानमध्येच राहिले. त्यामुळे ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शनचे रबर अशा गोष्टींपुरता मायक्राचा आधार घेता येतो. टर्बो, डिस्ट्रिब्युटर (इंजिनाला ठिणग्या वाटणारा भाग), संगणक आणि त्यांचे सेन्सर यांच्यासाठी फिगारोच्याच विशेष दुकानांकडे जावे लागते. इंग्लंडमध्ये अशी दुकाने आहेत आणि ती चांगली आहेत, हे या गाडीचे भाग्य. पण त्यांचे दर गल्लीतल्या भंगारवाल्याचे नसतात.

गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला कळवा की इंजिन थंड हवे. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा आणि ते कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. ते व्हॉल्व्हच्या सीलमधून असेल किंवा टर्बोमधून. धूर सुरुवातीला एकदाच येऊन थांबला तर भाव कमी करून घेता येतो. चढावर जोर दिल्यावरही येत राहिला तर टर्बोचा खर्च गृहीत धरा. गरम झाल्यावरही पांढरा, किंचित गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळते आहे, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे सील) गेले आहे. या इंजिनाचा खरा शत्रू उष्णता आहे. तीस वर्षांच्या रेडिएटरमध्ये गाळ बसतो, रबरी नळ्या कडक होतात, एखादी उन्हाळ्यातल्या वाहतूक-कोंडीत फुटते आणि चालकाचे काट्याकडे लक्ष जाईपर्यंत हेड वाकलेले असते. म्हणून ट्रायलनंतर गाडी बंद न करता ड्राइव्हमध्ये ब्रेक दाबून, एसी लावून दहा मिनिटे उभी ठेवा आणि तापमानाचा काटा व पंखा या दोन्हींवर नजर ठेवा. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढुरका थर नसावा. कूलंट रंगीत आणि स्वच्छ असावे, गढूळ तपकिरी नसावे.

टायमिंगला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्या-मिटण्याला, साखळी नाही, पट्टा आहे. तो किती मैल चालला यापेक्षा तो कधी बदलला हे विचारा. पावती दाखवता येत नसेल तर तो बदललेला नाही असे समजून खर्च धरा आणि गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात पाण्याच्या पंपासह बदलून घ्या. इंजिन गरम झाल्यावर मिस करते, किंवा अचानक बंद पडून वीस मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते, अशी तक्रार असेल तर संशय डिस्ट्रिब्युटरवर घ्यावा. त्यातला सेन्सर वयाने जातो आणि हा भाग महाग आहे. ऑइलबाबत कंजुषी करू नये. छोटे इंजिन आणि टर्बो अशी जोडी असली की दर तीन हजार मैलांनी किंवा सहा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर बदलणे मी सुचवतो. लोकांना हे अति वाटते, पण टर्बोच्या एका किमतीत असे किती ऑइल येते याचा हिशेब त्यांनी करून पाहावा.

गिअरबॉक्स तीन गतींचा ऑटोमॅटिक आहे. ताजा असताना तो आळशी पण विश्वासू असतो. न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी क्षणात आणि धक्का न देता ओढू लागली पाहिजे. गिअरबॉक्सचे तेल मोजायच्या दांडीवरचे तेल लालसर असावे. काळे आणि जळका वास येणारे असेल तर पुढे बोलू नये.

एसीचा एक मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. 1991 च्या या गाडीत आर-12 वायू होता आणि त्यावर आता बंदी आहे. आर-134ए वर रूपांतर झाले आहे का ते विचारा. ‘फक्त गॅस भरायचा राहिला आहे’ हे वाक्य मी जुन्या गाड्यांच्या बाबतीत इतक्यांदा ऐकले आहे की आता मी तिथे एसी नाहीच असे लिहून घेतो. रेडिओही जपानी पट्ट्याचा आहे. तिकडे एफएम 76 ते 90 मेगाहर्ट्झवर लागत असे, त्यामुळे इथली बहुतेक केंद्रे विशेष जोडणी केल्याशिवाय ऐकू येत नाहीत. मूळ सीडी आणि रेडिओ जागेवर असेल तर तो काढू नका. चालत नसला तरी ठेवा. क्रोमच्या पट्ट्या, चाकांवरची झाकणे, डॅशबोर्डवरची बटणे आणि दारांचे आतले हँडल यांतले काहीही हरवले असेल तर विक्रेत्याकडून ते लावून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. खुर्च्यांचे आवरण पुन्हा शिवता येते, पण मूळ पोताचे शिवून घेणे स्वस्त नाही.

कागदपत्रांकडे बरेच खरेदीदार सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून इथे थोडा थांबतो. मीटरवरचे 61,000 नेमके कशाचे आहेत? जपानमधून येताना मीटर किलोमीटर मोजतो. इथे आल्यावर वेगाचा काटा मैलांत दाखवण्यासाठी रूपांतर करतात आणि कित्येकदा त्या दिवसापासून मीटर मैल मोजू लागतो. मग तोच आकडा अर्धा किलोमीटरांचा आणि अर्धा मैलांचा असतो. गाडीचा नोंदणी क्रमांक घेऊन सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास फुकट पाहता येतो. दरवर्षीचे आकडे, त्यांचे एकक आणि परीक्षकाने लिहिलेले इशारे तिथे असतात. ‘सिलला गंज’ असा इशारा सलग तीन वर्षे आला आणि चौथ्या वर्षी अचानक नाहीसा झाला तर एक तर वेल्डिंग झाले किंवा लेप लागला. कोणते ते विचारावे.

गाडी जपानमध्ये लिलावात विकली गेली असेल तर तिथला तपासणीचा तक्ता जरूर मागा. त्यावर गाडीचे चित्र असते आणि परीक्षकाने खुणा केलेल्या असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे खोल गेलेला गंज. शेजारचा आकडा जितका मोठा तितका दोष मोठा. एकूण दर्जाच्या चौकोनात आर लिहिले असेल तर गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली आहे. तो परीक्षक खरेदीदारासाठी लिहीत असल्याने विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा त्याच्यावर माझा अधिक विश्वास आहे. इथल्या लॉगबुकवर (नोंदणी-पुस्तिकेवर) निर्मितीचे वर्ष 1991 असल्याची आणि मागचा धुक्याचा दिवा नीट बसवलेला असल्याचीही खात्री करा, कारण जपानी गाड्यांना तो मुळात नसतो आणि इथे तो सक्तीचा आहे.

रोजच्या वापराबद्दल मोकळेपणाने सांगतो. गावातल्या गावात, आठवड्यातून दोन-तीनदा, कोरड्या दिवशी ही गाडी अतिशय आनंद देते. मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने तीन गतींचा गिअरबॉक्स इंजिनला सतत ओरडायला लावतो, आणि लेस्टरहून लंडनला जाऊन येणे म्हणजे डोकेदुखी विकत घेणे आहे. लंडनमध्ये अल्ट्रा लो एमिशन झोन, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेणारा विभाग, 29 ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सर्व बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) लागू झाला आहे. एवढ्या जुन्या पेट्रोल गाड्या सर्वसाधारणपणे त्याच्या अटींत बसत नाहीत, म्हणजे दिवसाला साडेबारा पौंड. लंडनला वारंवार जाणे असेल तर आधी नोंदणी क्रमांक टाकून तपासा. आजच्या नियमांप्रमाणे चाळीस वर्षे झालेल्या गाडीला रस्ताकर माफ होतो आणि ती ऐतिहासिक वर्गात गेली की या शुल्कातूनही सुटते. 1991 च्या गाडीसाठी तो दिवस 1 एप्रिल 2032 ला उजाडेल. पेट्रोल ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे) भरू नका, ई5 (पाच टक्क्यांपर्यंतचे) भरा. इथे ई10 हे सप्टेंबर 2021 पासून साधे पेट्रोल झाले आहे आणि त्यातले इथेनॉल जुन्या नळ्यांना मानवत नाही. टायर 165/70 आर12 मापाचे आहेत आणि त्यांत निवड फारशी नाही, म्हणून नक्षी खोल दिसली तरी बाजूवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा क्रमांक वाचा. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजण्याआधी वाळतात.

मुलाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. मागची आसने सात वर्षांच्या मुलाला आज कशीबशी पुरतील, पण दोन वर्षांनी पुरणार नाहीत. गाडीला एअरबॅग नाहीत आणि मुलांच्या आसनासाठी आधुनिक आयसोफिक्स जोडणीही नाही. कुटुंबाची एकमेव गाडी म्हणून मी फिगारो कोणालाही सुचवणार नाही.

‘परवडणारी’ हा शब्द खरेदीच्या दिवसापुरता खरा असतो. तुमचे एकूण अंदाजपत्रक साडेअकरा हजारांचे असेल तर गाडी आठ-साडेआठ हजारांची घ्यावी आणि बाकीचे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावे, असा माझा नेहमीचा सल्ला आहे. पट्टा, पंप, नळ्या, टायर, ब्रेकचे तेल आणि पोटाची खरी गंजरोधक प्रक्रिया यांत ते जातातच. विमा मात्र स्वस्त पडू शकतो. क्लासिक गाड्यांची मर्यादित मैलांची पॉलिसी घ्या आणि गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घ्या. तसे केले नाही तर नुकसानीच्या वेळी ती तीस वर्षांची निसान म्हणून मोजली जाईल. तुम्हाला मुख्यतः गाडी चालवण्याचा आनंद हवा असेल, वळणावर हात आणि गिअर यांचा मेळ हवा असेल, तर त्याच काळातली माझदा एमएक्स-5 अधिक चांगली आणि बहुधा स्वस्त पडेल. तिलाही सिलचा आणि मागच्या कमानींचा गंज आहेच, पण भाग कुठेही मिळतात. फिगारो घेणारा माणूस वेगासाठी घेत नाही. सिग्नलवर शेजारच्या बसमधली आजी काच पुसून हसते, त्यासाठी घेतो. ते कारण मला मुळीच हलके वाटत नाही, फक्त कोणत्या कारणासाठी पैसे मोजतो आहोत हे ठाऊक असावे.

आता तुम्ही पाहिलेल्या गाडीकडे वळतो. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: नूतनीकरणाची कामाच्या मधल्या टप्प्यांतली छायाचित्रे आहेत का, टायमिंगच्या पट्ट्याची पावती आहे का, आणि तुमच्या खर्चाने दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवू देणार का. तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर साडेअकरा हजार हा भाव चढा असला तरी अवाजवी नाही, आणि थंड इंजिन व पाण्याची परीक्षा झाल्यावर हजारभर कमी करून घेता येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल पण तिसऱ्याचे ‘हो’ असेल, तरी जा आणि पाहा, कारण पुष्कळ प्रामाणिक विक्रेत्यांनाही छायाचित्रांचे महत्त्व कळत नाही. रॅम्पला नकार मिळाला तर गाडी कितीही सुंदर असो, परत फिरा.

घेतलीच, तर ती या सप्टेंबरच्या आत खालून धुवून, दोन दिवस कोरडी वाळवून सिलच्या पोकळीत आणि कमानींच्या आतल्या कडांना मेणाचा फवारा मारून घ्या. वरून काळा डांबरी लेप देऊ नका, कारण त्याखाली अडकलेले पाणी दिसत नाही. पारदर्शक मेण वापरा, म्हणजे पुढच्या वर्षी मी किंवा दुसऱ्या कोणी गाडी वर चढवली की पत्रा कसा आहे ते सरळ डोळ्यांनी पाहता येईल.